बेरीज शून्य का येते?

कॉम्प्युटरनं पेढ्यांची बेरीज शून्य सांगितली. वर ओळीनं दिसत होतं: 25 किलो, 40 किलो, 15 किलो. पोरं बोटांवर करतील असली बेरीज, आणि खाली भलंमोठं शून्य.

येरमाळ्यात देवीच्या वाटेवर आमचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी पालखी चुन्याच्या रानात येते, लोक चुनखडी वेचतात. त्या गर्दीत परड्या, कवड्यांच्या माळा, खण, नारळ, पेढे किती खपतील याचा अंदाज गेल्या सालच्या वहीवरून बांधायचा, हा आमचा रिवाज. पुण्याला नोकरी करणारा भाचा जुना कॉम्प्युटर देऊन गेला. त्यात हिशेबाचा एक प्रोग्रॅम होता. जाताना म्हणाला, "मावशी, अडलं तर एफ-वन दाब. मदत येते."

एफ-वन दाबलं. मदत आली, ती सगळा पडदा झाकूनच. जे शून्य मला दाखवायचं होतं ते तिच्याच खाली गडप. मेनू मराठीत होते, मदत मात्र इंग्रजीत. बारावीपर्यंतचं इंग्रजी आहे माझं, वाचता येतं. वरच्या चौकोनात 'बेरीज शून्य का येते' असं टाकलं, काहीच सापडलं नाही. मग इंग्रजीत 'सम' टाकलं तेव्हा भली मोठी यादी आली. तिच्यातलं पहिलंच पान उघडलं. तिथं लिहिलं होतं की हे सूत्र दिलेल्या संख्यांची बेरीज करतं आणि त्याला 255 पर्यंत घटक देता येतात.

255! मला तीन ओळींची बेरीज येईना, आणि ही बाई 255 चं आमंत्रण देते.

त्या पानातलं अक्षरही खोटं नव्हतं. पण ते पान ज्याची बेरीज नीट येते त्याच्यासाठी लिहिलेलं होतं. ज्याची येत नाही तो माणूस लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हताच. सूत्र काय करतं हे सांगितलं. ते रुसलं तर का रुसलं, हे कुठंच नाही.

शेवटी शेजारची पोरगी आली. तिनं एमएस-सीआयटी केलंय. 2001 च्या सुमाराला सुरू झालेला हा कोर्स आमच्या भागात घरटी एकानं तरी केलेला असतो. तिनं मला काही विचारलं नाही, आधी पडद्याकडं बघितलं. "काकू, आकडे डावीकडं चिकटलेत बघा. संख्या असती तर उजवीकडं सरकली असती. 'किलो' लिहिलंत ना, म्हणून त्याला ती अक्षरं वाटतात." 'किलो' शेजारच्या रकान्यात नेलं आणि 80 आले.

वहीत सगळे 25 किलो असंच लिहितात. नुसतं 25 लिहिलं तर सासूबाईंनी विचारलं असतं, किलो का नग? तेव्हा असं लिहिणारी मी काही पहिलीच नसणार. मग मदतीच्या पानावर तेवढी एक ओळ का नसावी?

भाच्याला फोनवर हेच झाडलं. तो हसला, पण मग सांगत बसला, आणि त्यातलं बरंच मला पटलं. अमेरिकेत 1987 साली काही संशोधकांनी तपासलं होतं की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून तेच नाव देतात का. तशी शक्यता 20 टक्क्यांच्याही खाली निघाली. म्हणजे लिहिणाऱ्यानं एक नाव ठेवलं आणि शोधणारा दुसऱ्याच नावानं हाका मारतोय, हेच जास्त वेळा होणार. त्यांनी उपायही सांगितला होता: एका गोष्टीला लोक जितक्या नावांनी हाक मारतील, ती सगळी नावं यादीत घाला. आयबीएममधल्या जॉन कॅरल यांनी तर कॉम्प्युटर नव्यानं शिकणारी ऑफिसातली माणसं काम करताना पाहिली. ती जाडजूड पुस्तक क्रमानं वाचत नाहीत, सरळ कामाला हात घालतात आणि मधेच कुठंतरी अडकतात. म्हणून पुस्तक बारीक करा, आणि चुकलं हे ओळखायचं कसं, त्यातून बाहेर पडायचं कसं हे त्यात आवर्जून घाला, असं त्यांचं म्हणणं. 1990 मध्ये त्यांचं त्यावर पुस्तकही आलं. मी जन्मभर कॅटलॉग न वाचता मिक्सर वापरला, त्यामुळं कॅरलसाहेबांवर माझा लगेच विश्वास बसला.

विचारल्याशिवाय मदतीला धावणाराही एक होऊन गेला म्हणे. ऑफिस 97 मध्ये डोळे मिचकावणारी कागदाची पिन होती, क्लिपी. पत्र लिहायला घेतलं की मधेच येऊन 'पत्र लिहिताय वाटतं' म्हणायची. लोक वैतागले, आणि 2007 च्या ऑफिसात तिला जागाच राहिली नाही. आमच्याकडं असं गिऱ्हाईकाच्या मागं लागणारं दुकान कोणाला आवडत नाही.

माझं मागणं साधं आहे. मदत बाजूला उघडावी, कामावर बसू नये. तिला नेट लागू नये, कारण यात्रेच्या गर्दीत मोबाइलची रेंज असून नसल्यासारखी असते. आणि पडद्यावर जे दिसतंय त्यावरून ती सापडावी. गिऱ्हाईक 'आईला वाहायचं ते द्या' म्हणतं, तेव्हा वस्तूचं नेमकं नाव आधी सांगा असं मी म्हणत नाही. खण, परडी, माळ पुढं मांडते.

तोवर वहीच्या मागच्या पानावर मीच मदत लिहायला घेतलीय. डाव्या बाजूला काय दिसतं, उजवीकडं काय करायचं. आकड्यांच्या जागी जाळीसारख्या खुणा दिसल्या: रकाना रुंद कर. परड्यांचं माप 5-10 लिहिलं आणि त्याची तारीख झाली: आधी एकेरी अवतरणचिन्ह टाक. बेरीज शून्य: अक्षरं हुडक. पोरगी म्हणते, वर्गातल्या बाकीच्यांना दाखवायला याचा फोटो द्या. छापताना शेवटचा रकाना दुसऱ्या कागदावर का पळतो, त्याच्या उजवीकडची जागा अजून मोकळीच आहे.