मावशीचा टीव्ही

इंदूरच्या सुदामा नगरात माझी मावशी राहते. माहेर आमच्या मंगेशीच्या बाजूचं, सासर इंदूरचं. लग्न होऊन ती गेली त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. तिच्या एका वाक्यात तीन भाषा येतात. सुरुवात मराठीत, मध्येच इंदुरी हिंदी, आणि राग आला किंवा जीव कळवळला की थेट कोंकणी. लता मंगेशकर आमच्या की तुमच्या, हा तिचा आणि इंदूरच्या शेजारणींचा जुना वाद. बाईंचा जन्म इंदूरचा, १९२९ सालचा. पण मास्टर दीनानाथ मंगेशीचे. मावशी म्हणते, "जन्म सासरचा, गळा माहेरचा." झालं, वाद मिटला.

तर २०२५ च्या पावसाळ्यात मावशीचा फोन आला. "टीव्हीत चित्र पिवळं पडलंय रे. आणि धुरकट. माणसांची तोंडं हळद लावल्यासारखी दिसतात. नवा घ्यायचाय. तू ये, तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं कळतं हा आमच्या नातेवाईकांमधला जुना गैरसमज. लहानपणी फणसाच्या झाडाला बांधलेली अँटेना फिरवायचं काम माझ्याकडे होतं. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू व्हायच्या आत पडद्यावरच्या मुंग्या घालवायच्या आणि खालून "आलं, आलं, गेलं!" अशी आरोळी आली की पुन्हा एक बोट मागे फिरवायचं. तेवढ्या भांडवलावर मी घराण्याचा टीव्हीतज्ज्ञ झालो.

पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "पंचावन्न इंची घेऊन टाक, पैशांची काळजी नको." मावशीनं ते ऐकून विचारलं, "माझी खोली काय रीगल टॉकीज आहे?" ती स्वतःच्या पेन्शनीतून घेणार होती, आणि तिचा आकडा ठरलेला होता. तीस हजार. शिवाय तिनं वर्तमानपत्र वाचून मुहूर्तही काढला होता. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना. हिशेब सोपा आहे. कर सोडून २५,००० किंमत असलेला टीव्ही आधी ३२,००० ला पडायचा, तो आता २९,५०० ला पडायला हवा. "अडीच हजार देवीनंच दिले," मावशी म्हणाली.

नवरात्रात मी मुंबईमार्गे अवंतिका एक्सप्रेसनं इंदूरला पोचलो. पोहे-जिलेबी झाल्यावर पहिलं काम केलं ते मोजमापाचं. माझ्या मते टीव्हीची खरेदी दुकानात सुरू होत नाही, घरातल्या खुर्चीत सुरू होते. मावशीची खुर्ची भिंतीपासून ९ फुटांवर. पण ती समोर नाही. स्वयंपाकघराच्या दारात, बऱ्यापैकी एका बाजूला. का? तर भाजी निवडता निवडता गॅसवर लक्ष ठेवता येतं म्हणून. समोरच्या सोफ्यावर फक्त पाहुणे बसतात. टीव्हीच्या उजव्या हाताला खिडकी, दुपारी तिच्यातून ऊन थेट आत.

एवढ्यावर अर्धा टीव्ही ठरला. कसा ते सांगतो.

मध्यम किमतीच्या एलईडी टीव्हीत मुख्यतः दोन जातींचे पडदे येतात. एकाला व्हीए म्हणतात, दुसऱ्याला आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग खरोखर काळा दिसतो. उजेड आणि अंधार यांचं गुणोत्तर साधारण तीन-चार हजारास एक. आयपीएसमध्ये ते हजारास एकच्या आसपास, म्हणून रात्री दिवे घालवले की काळं थोडं राखाडी वाटतं. पण व्हीए बाजूनं पाहिला की रंग विटतात, चेहरे फिके पडतात. आयपीएस बाजूनंही बराचसा तसाच राहतो. कागदावरचे आकडे पाहणारा माणूस व्हीए उचलेल. मीही तोच उचलणार होतो. पण मावशी दारात बसते आणि दिवे घालवून टीव्ही बघत नाही. तिच्यासाठी कागदावर कमी गुण मिळालेलाच पडदा बरा.

दुसरी गोष्ट फोर-केची. ४३ इंची पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. त्यात फुल एचडीचे १९२० ठिपके बसवले की एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. निरोगी डोळ्याला एवढा ठिपका साडेपाच-सहा फुटांपर्यंतच वेगळा ओळखता येतो. मावशी ९ फुटांवर! तेव्हा नुसत्या फोर-केसाठी जास्तीचा रुपया मोजण्यात अर्थ नाही. आज या मापाचे बरेचसे टीव्ही फोर-केच येतात, येऊ देत. उलट बघायचं असतं ते साधं चॅनेल त्यावर कसं दिसतं. साध्या चॅनेलचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, आणि फोर-के पडद्याचे ठिपके त्याच्या बरोब्बर वीसपट. म्हणजे वीसातले एकोणीस ठिपके टीव्हीनं आपल्या अकलेनं भरायचे. ज्याची अक्कल कमी त्याच्यावर बातम्या सांगणारी बाई मेणाची दिसते.

मी हे सगळं मावशीला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "असे तुझे काका बोलायचे. अर्धं कळायचं, पण ऐकायला बरं वाटायचं."

काका शाळेत चित्रकला शिकवायचे. इंदूरमध्ये चित्रकला शिकवणं ही साधी नोकरी नव्हे, तिथे त्याला परंपरा आहे. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे तयार झाले, हुसेन तयार झाले, डी. जे. जोशी आणि विष्णू चिंचाळकर तयार झाले. काका त्या मानानं अगदी लहान माणूस, पण नजर त्याच पाण्यातली. ते आम्हा मुलांना पांढरी कपबशी पुढे ठेवून विचारायचे, "ही कुठल्या रंगाची?" आम्ही म्हणायचो पांढरी. ते म्हणायचे, "नीट बघा." मग खिडकीकडची बाजू निळसर दिसायची, भिंतीकडची पिवळट. पांढरा ओळखता आला की बाकीचे रंग आपोआप ओळखता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. टीव्ही पारखायला एवढं एकच वाक्य पुरेसं आहे, हे मला त्या दिवशी जेल रोडवरच्या दुकानात पटलं.

दुकानातली ती टीव्हींची भिंत तुम्ही पाहिली असेलच. वीस पडद्यांवर वीस पोपट, कापलेलं कलिंगड, निळाशार समुद्र. पोपट कुठल्याही टीव्हीवर चांगलाच दिसतो. खरा पोपट कसा दिसतो ते आपल्याला नीट आठवत नाही, म्हणून. शिवाय दुकानात सगळे टीव्ही 'विविड' नावाच्या थाटात लावलेले असतात. उजेड वर, रंग भडक, आणि पांढरा मुद्दाम निळसर, कारण निळसर पांढरा शेजारच्या पांढऱ्यापेक्षा स्वच्छ वाटतो. आपल्या आयांनी कपड्यांना नीळ घातली ती याच कारणासाठी. पडद्याच्या कोपऱ्यावर एचडीआरची चिकटपट्टी असते. तिचा अर्थ तसलं चित्र त्या टीव्हीला वाचता येतं, एवढाच. तसल्या चित्राला हजार निट वा जास्त उजेड लागतो. आमच्या किमतीतले पडदे तीनशेच्या आसपासच थांबतात.

मी विक्रेत्याकडून रिमोट मागून घेतला आणि चारही टीव्ही 'सिनेमा' थाटात आणले. दुकान एकदम पिवळट आणि मंद झालं. "भिया, ये तो आपने बिगाड़ दिया," तो कळवळून म्हणाला. दोन मिनिटं थांबा म्हटलं, डोळे सरावतील. मग १९४९ चा 'महल' लावायला सांगितला. कृष्णधवल सिनेमा! तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. पण कृष्णधवल चित्रासारखी कसोटी नाही. त्यात रंग नसतोच, तेव्हा जो दिसेल तो टीव्हीच्या पदरचा. एकावर मधुबाला हिरवट झाली, एकावर जांभळट. आणि 'महल'मध्ये सावल्याच सावल्या. ज्याला अंधारातला अंधार दाखवता येत नाही त्याच्यावर हवेलीच्या अर्ध्या भिंती गायब.

मग मी माझ्या मोबाइलवरचं आमच्या शेताचं चित्रण लावलं. श्रावणातलं भात, मागे माड, वर ढग. मावशीनं ते बघावं म्हणून मी तिला पुढे केलं. आठ वर्षांत ती गोव्याला आलेली नाही.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हो पाचवो आमचो न्हय रे."

मी टीव्ही बदलला. "हाही नाही." तिसरा. "हापण धुरकटच आहे. सगळेच घरच्यासारखे."

सगळेच? एक टीव्ही धुरकट असेल, चार कसे असतील? आणि तेव्हा मी टीव्हीकडे बघायचं सोडून पहिल्यांदा मावशीकडे बघितलं. ती पदराचं टोक धरून उजवा डोळा झाकत होती, मग काढत होती, पुन्हा झाकत होती. कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनं तीन वर्षांपूर्वी करून घेतलं होतं. डाव्याचं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आधी काका आजारी होते, मग ते गेले, मग राहूनच गेलं. "एका डोळ्यानं सगळं दिसतं ना," ती जेल रोडच्या फुटपाथवर मला म्हणाली. मग थोड्या वेळानं, "इकडून सगळं निळं दिसतं, तिकडून पिवळं. कुठलं खरं ते विचारायला तुझे काका नाहीत."

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि निळा उजेड आत येऊच देत नाही. ते काढून नवं घातलं की निळा एकदम भसकन दिसतो. हेच क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या बाबतीत घडलं. १९२३ साली त्यानं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, आणि डाव्याचं करायला साफ नकार दिला. दोन डोळ्यांना दोन रंग दिसायचे आणि तो वैतागायचा. काकांना ही गोष्ट ठाऊक असणार. सांगायला ते हवे होते.

त्या दिवशी टीव्ही घेतला नाही. मावसभावाला मी फोन केला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. दर रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलणारा मुलगा तो. आईला दिसतं का, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. मलाही पडला नव्हता. मी तर तिच्या खुर्चीचं अंतर इंचात मोजलं होतं.

दिवाळीनंतर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी जानेवारीत पुन्हा गेलो. जुना टीव्ही सुरूच होता, आणि त्याचं चित्र पिवळं वगैरे काही नव्हतं. मात्र डाव्या कोपऱ्यात मागचा दिवा मेल्याचा काळा डाग खरोखरच होता, तेव्हा नवा घेणं अगदीच वाया नव्हतं. आम्ही ४३ इंची आयपीएस घेतला, तिनं ठरवलेल्या तीस हजारांच्या आत. घरी आणून 'सिनेमा' थाट लावला, चित्रातली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केली, खिडकीला जाड पडदा लावला. आवाज मात्र खरोखर किरटा निघाला. या सडपातळ टीव्हींचे भोंगे खाली तोंड करून बसवलेले असतात, शब्द जमिनीशी बोलल्यासारखे येतात. ते दुकानाच्या गोंगाटात माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही घ्याल तेव्हा आवाजही ऐकून घ्या.

मावशीची पहिली तक्रार होती की मालिकेतल्या बायकांचा मेकअप दिसतो. "एवढं कशाला दिसायला हवं?"

रात्री तिनं ते शेताचं चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. दोन्ही डोळ्यांनी, दारातल्या खुर्चीतून बघितलं. मी परीक्षेच्या निकालासारखा उभा.

"न्हय," ती म्हणाली. "अजूनही नाही. तुजो मोबायलच फटींग."

खरं होतं. मोबाइलचे कॅमेरे हिरवा रंग मुळातच चढवून टिपतात. जे चित्र खोटं भरलं गेलं ते कुठलाही टीव्ही, कितीही पैसे टाकले तरी, खरं करून दाखवणार नाही. हे मला शिकवायला पंचाहत्तरी ओलांडलेली बाई लागली.

"मीच येते बघायला," ती म्हणाली. "मे महिन्यात येते."

मे महिन्यात शेत हिरवं नसतं. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी काही बोललो नाही, तिकिटाचं तेवढं बघतो म्हणालो.