कळ दाबली आणि...

माझी माई गेल्या श्रावणात गेली. लगेच हळहळू नका हं! ही माई म्हणजे संगणकाच्या काळ्या पडद्यावरचं एक चिन्ह, ईमेलच्या पत्त्यात मध्ये असतं ना, तेच वेटोळं. पण चार महिने, रोज रात्री मागचं आवरून झालं की मी तिला सांभाळत होते. जीव गुंतला होता, हे कबूल करायला हवं.

खेळाचं नाव अँगबँड. १९९० साली इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी तो रचला. त्याची आजी शोभेल असा खेळ म्हणजे १९८० सालचा 'रोग'. चित्रं नाहीत, सगळा कारभार अक्षरांचा. 'सी' म्हणजे कुत्री-लांडगे, 'ओ' म्हणजे ऑर्क नावाचे राक्षस. शंभर मजले खोल भुयार आणि ते दर वेळी नवं. एकदा मेलात की मेलात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमचे हे म्हणतात, "यात बघायचं तरी काय?" त्यांना पाच-पाच दिवसांच्या क्रिकेटमध्ये काय दिसतं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

खेळाची जुनी आवृत्ती मुलाने बंगळूरला नोकरीवर जाण्याआधी लावून दिली. माझी बोटं संधिवाताने आखडतात. साध्या कृतीलाही तीन-तीन कळा दाबायच्या म्हणजे शिक्षाच. म्हणून त्याने सगळं एका कळीत बांधून दिलं. मॅक्रो म्हणतात त्याला. आपण एक कळ दाबायची, खेळाला वाटतं तीन दाबल्या. आधी 'एस्केप', म्हणजे पडद्यावर काही अडलेलं असेल तर साफ. मग 'आर', म्हणजे वाच. मग 'डी', म्हणजे पिशवीतली चौथी वस्तू. त्या जागी होती निसटण्याची पोथी. ती वाचली की माणूस आठ-दहा घरं पलीकडे फेकला जातो.

त्या रात्री तेराव्या मजल्यावर लांडग्यांचा कळप आला. मी कळ दाबली. हवा भारल्यासारखी झाली, असं काहीसं उमटलं, पण माई जागची हलली नाही. पुन्हा दाबली, तिसऱ्यांदा दाबली. मग अक्षरांनी काढलेलं थडगंच समोर आलं.

रात्रीचे साडेअकरा. तशीच उठून मुलाला फोन लावला. "तुझ्या त्या मेल्या कळीने घात केला! दुरून करून दिलेली कामं अशीच असायची!"

तो क्षणभर गप्प बसला. "बघतो, आई," एवढंच म्हणाला. मग चार दिवस त्याचा फोन नाही. पोळ्या लाटताना ते "दुरून" मलाच टोचत राहिलं.

पाचव्या दिवशी थडग्यामागची यादी उघडली. मेल्यावरही हा खेळ आपली पिशवी दाखवतो. ए, तेलाच्या कुप्या. बी, जखमेचं औषध. सी, निसटण्याची पोथी. डी, घरी परतायची पोथी. अगंबाई, माझी शिदोरी कुठाय? ती तर नेहमी ए वर असते! मग आठवलं. लांडगे यायच्या थोडंच आधी भुकेची सूचना आली, म्हणून मी शेवटची शिदोरी खाल्ली होती. वरची जागा रिकामी झाली आणि खालचं सगळं एकेक पायरी वर सरकलं. कळ बिचारी इमानदारीने चौथीच वस्तू वाचत होती. मिसळणाच्या डब्यात जिरं संपलं म्हणून कुणी वाट्या सरकवाव्या आणि आपण न बघता फोडणीत भलतंच टाकावं, तसं झालं.

घरी परतायची पोथी फार संथ. वाचल्यावर निदान पंधरा खेळ्या थांबावं लागतं. शिवाय दुसऱ्यांदा वाचली की बेत रद्द होतो, तिसऱ्यांदा वाचली की पुन्हा ठरतो. म्हणजे लांडगे लचके तोडताहेत आणि माझी माई "घरी जाते, नाही जात, जाते" करत उभी!

फोन केला. म्हटलं, "अरे, शिदोरी मीच संपवली होती." सगळं सांगितलं. तो इतका हसला की मलाही हसू आलं.

"पण आई, चूक माझीच," तो म्हणाला. "जागेवर बांधायला नको होतं." त्या खेळात वस्तूला चिठ्ठी चिकटवता येते म्हणे. पोथीवर ते वेटोळं, पुढे 'आर' आणि १ असं लिहायचं आणि कळीमध्ये 'डी' काढून १ घालायचा. मग पोथी कुठेही सरको, चिठ्ठी बघून तीच उचलली जाते. एवढं सोपं होतं!

चार दिवस फोन का केला नाहीस, हे मी विचारलं नाही. त्यानेही "दुरून"चा विषय काढला नाही. दिवाळीत आला, तेव्हा फराळाआधी माझ्या शेजारी बसून त्याने चिठ्ठ्या लावून दिल्या.

नवी माई सध्या सहाव्या मजल्यावर आहे. पिशवीत शिदोऱ्या पाच.