सुनेची सही

"पेशंटशी तुमचं रक्ताचं नातं काय?" अतिदक्षता विभागाबाहेरच्या वऱ्हांड्यात मला हे विचारलं गेलं, त्याला वर्ष उलटून गेलं. राग काही उतरत नाही.

सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईंच्या, मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या. आम्ही नागपूरचे. रात्रीच एका खासगी रुग्णालयात नेलं. दाखल करतानाच्या प्रत्येक कागदावर माझी सही आहे. अनामत रक्कम मी भरली. घशात नळी घालायची, व्हेंटिलेटर लावायची संमती मी दिली. तेव्हा नातं कुणी विचारलं नाही. पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता शुद्ध येणार नाही, आणि मी पिशवीतून आईंचं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शुद्ध गेली तर कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवलेला कागद, काढलं. त्या क्षणापासून मी परकी झाले. "तुम्ही सून ना? मुलाला बोलवा."

त्या कागदात आईंनी माझंच नाव लिहिलं होतं. मुद्दाम लिहिलं होतं. "पोरांच्यानं नाही व्हायचं ते. रडतील, आणि मला तसंच लटकवून ठेवतील. तू करशील." नोटरीच्या कार्यालयातून परत येताना रिक्षात त्या मला असं म्हणाल्या होत्या.

आई वर्ध्याच्या, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सगळं सोडलं आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. विनोबांचा अधिकार आपला नाही, पण नाकातोंडात नळ्या नकोत एवढं तरी आपल्याला मागता यावं, असं त्या म्हणायच्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये असं मागायला मान्यता दिली. तेव्हा इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरेसे झाले. आईंनी त्यानंतर लगेच कागद केला.

तर तो कागद मी दिला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. मग प्रशासनाचे एक अधिकारी आले. त्यांनी फोनवर वकिलाला विचारलं. वकील म्हणाले, कोर्टाचा आदेश आणा. मी म्हटलं, २०११ साली, वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाची परवानगी लागेल असं ठरलं होतं, ते मागे पडलं. आता तुमच्याच रुग्णालयाने मंडळ नेमायचं: उपचार करणारे डॉक्टर आणि पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं. निकालातल्या त्या पानांची छापील प्रत मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातातही घेतली नाही. "मॅडम, आमच्याकडे असं मंडळ वगैरे नाही. आणि हे मुलाने सांगायला पाहिजे. उद्या त्याने केस केली तर?"

निकालात पालक किंवा जवळचा नातेवाईक असं म्हटलं आहे. रक्ताचा, असं कुठेही म्हटलेलं नाही. हे मी त्या वऱ्हांड्यात किती जणांना सांगितलं! एक तरुण डॉक्टर रात्री बाहेर येऊन हळूच म्हणाले, "काकू, तुमचं बरोबर आहे. पण मी नोकरी करतो." त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो ज्यांना अधिकार होता आणि ज्यांनी पान उलटून पाहिलं नाही त्यांच्यावर.

माझे यजमान रोज सकाळी काचेतून आईकडे बघायचे आणि खाली जाऊन बाकावर बसायचे. आईची इच्छा त्यांना मान्य होती. "पण माझ्या हाताने सही होणार नाही," म्हणाले. धाकटे दीर पुण्याहून आले, त्यांना आणखी थोडे दिवस बघायचे होते. आईंनी हे सगळं आधीच ओळखलं होतं, म्हणून तर माझं नाव घातलं होतं.

शेवटी रुग्णालयाने वाट दाखवली ती नेहमीची. डामा. म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध आम्ही रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत, असा छापील फॉर्म. ज्या बाईने शुद्धीत असताना, कायद्याने सांगितलं तसं, आपलं म्हणणं लिहून ठेवलं, तिला आम्ही चोरून पळवून नेतो आहोत असा तो कागद. त्यावर दिरांनी सही केली. रक्ताचं नातं होतं ना. आईंच्या इच्छापत्राचा त्या फॉर्मवर उल्लेखही नाही. मी तसा आग्रह धरला, तर तिथे रकाना नाही म्हणाले.

घरी आणून नळी काढली. नातेवाइकांना मी ठामपणे सांगत होते की आपण मारत नाही, फक्त अडवत नाही. पण श्वास लगेच थांबला नाही. घशातली घरघर रात्रभर ऐकू येत होती, आणि कुणी एक इंजेक्शन देऊन हे संपवावं असं मला तीव्रतेने वाटलं. सकाळी मी केलेला भेद रात्री मला टिकवता आला नाही. घरी येऊन मॉर्फिन देणारा डॉक्टर आम्हाला मिळाला नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून आहे, तशी सोय प्रत्येक जिल्ह्यात हवी. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेल्या.

त्यानंतर मी बरंच वाचलं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१९ पासून असाध्य आजारी माणसाला डॉक्टरांच्या मदतीने मरण मागता येतं. आपल्याकडेही हे हवं, असं माझं मत झालं आहे. तरी व्हिक्टोरियासारखा कायदाही आईंच्या कामी आला नसता. तिथे माणसाला स्वतः, शुद्धीत, पुन्हा पुन्हा मागावं लागतं. इच्छापत्रातून मागता येत नाही. आणि मला एक भीतीही वाटते. त्याच वऱ्हांड्यात एक आजोबा होते, पूर्ण शुद्धीत. बिल पाहून मुलाला म्हणत होते, मला घरी ने, खूप जगलो. ती त्यांची इच्छा होती की मुलाची काळजी? उपचारासाठी शेत विकावं लागतं त्या देशात 'स्वेच्छा' कशाला म्हणायचं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. म्हणून मागणी सोडावी का? असंही वाटत नाही.

जे आज कायद्यात आहे तेवढं तरी करून ठेवा. डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केल्यानंतर राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये इच्छापत्रं सांभाळणारे अभिरक्षक नेमले गेले आहेत. आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत ते कोण आहेत हे विचारा आणि एक प्रत त्यांच्याकडे देऊन पोच घ्या. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. दाखल होताना, नळी पडण्याआधी, ती केसपेपरला लावायला सांगा. आणि ज्याचं नाव लिहिलं आहे त्याच्यासमोर सगळ्या मुलांना बसवून तो कागद स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. आम्ही हे शेवटचं केलं नव्हतं.