सिद्धगडच्या पायथ्याची पिढी

आमच्या घरातली ती पिढी तीन माणसांची: आजोबा, आजी आणि आजोबांची बहीण, जिला सगळं घर आत्याबाई म्हणे. १९४२ चा पावसाळा आणि पुढचा हिवाळा तिघांनी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या पायथ्याशी काढला.

आजोबांची गोष्ट दरसाल वाढायची. माथेरानचे भाई कोतवाल, नाभिकाच्या घरचे, शिकून वकील झालेले. शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठारं काढली. बेचाळीसची चळवळ पेटली तसा आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. इथे आजोबा हमखास हसायचे. आमच्याकडे घासलेटची चिमणी, आणि अंधाराची धास्ती मुंबईला! दस्त्याला आपण किती भाकऱ्या पोचवल्या हा त्यांचा आकडा दहावरून पन्नासावर गेला होता. खरं किती, देव जाणे.

आत्याबाईला मनोऱ्यांशी घेणंदेणं नव्हतं. ती सांगायची भाताचं: पोरांच्या तोंडचं किती काढलं, कणगीच्या तळाशी किती उरलं, कोणत्या दिवशी नुसत्या पेजेवर भागवलं.

आजी काहीच सांगत नसे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे रानात पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील पडले. दस्त्याचा ठिकाणा फितुरीनं फुटला होता. आजीनं धसका घेतला तो गोळ्यांपेक्षा फितुरीचा. ऐंशीच्या दशकात मुंबईची पोरं पाठीवर सॅक टाकून गडाची वाट विचारायला यायची. आजी पाणी द्यायची, गूळ द्यायची, वाट नाही. आधी "कोनाचा रं तू? कोनी धाडलं?" पोरं हसायची, आम्ही शरमेनं आत पळायचो. पहाटे कुत्री भुंकली की ती अंथरुणात उठून बसे आणि उजाडेपर्यंत पुन्हा आडवी होत नसे.

घरात ऐकलेल्या अशा आठवणी पुढे कुणी लिहितं, कुणी नाही. नायजेरियात १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात लाखो माणसं मेली, बहुतेक इग्बो, आणि त्यांतली कितीतरी उपासमारीनं. त्या संहाराशी आमच्या रानातल्या पहाटेची बरोबरी नाही. पण चिमामांडा अदिची ही लेखिका आठवते. तिचे दोन्ही आजोबा त्या युद्धात गेले, ती जन्मली १९७७ साली; घरच्यांकडून ऐकलेलं घेऊन तिनं २००६ मध्ये कादंबरी लिहिली. आमच्याकडे भाई कोतवालांवर २०२० मध्ये सिनेमा निघाला, ते योग्यच झालं. पण पेजेवर दिवस काढणाऱ्या बायकांचं पानभर लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

दर २ जानेवारीला सिद्धगडावर अभिवादनाला माणसं जमतात. तुम्ही गेलात तर परतताना पायथ्याच्या एखाद्या वाडीत थांबा. नव्वदी ओलांडलेलं कोणी ओटीवर दिसलं तर घडीभर बसा आणि बेचाळीस साली तुमच्या घरी काय शिजत होतं, एवढं विचारा. त्याआधी आपण कुणाचे, कुठले, ते मात्र सांगा.