टर्की

परवा रात्री 'कँडी' पाहिला. 2006 चा ऑस्ट्रेलियन सिनेमा, नील आर्मफिल्डचा. हीथ लेजर आणि अ‍ॅबी कॉर्निश हे जोडपं हेरॉइनच्या पुरतं आहारी गेलेलं. सिनेमाचे भाग तीन, स्वर्ग, पृथ्वी आणि नरक. ती गरोदर राहते तेव्हा दोघं ठरवतात, आता सोडायचं. घामानं निथळत, कुडकुडत एकमेकांना धरून पडलेली ती दोघं दिसली आणि मी सिनेमा थांबवला.

जुन्या नाशकातली खालाची माडी आठवली. नव्वदचं दशक. भाईजान, म्हणजे खालाचा थोरला, गर्द ओढायचा. ब्राऊन शुगरला तेव्हा सगळे गर्दच म्हणत. ती मिळाली नाही की जे हाल होतात त्याला गर्दुल्ल्यांच्या भाषेत टर्की. हाडं ठणकतात, नाक-डोळे गळतात, पोटात काही ठरत नाही, झोप तर नाहीच. खालूंनी भाईजान आणि भाभीला माडीवर ठेवून बाहेरून कडी घातली. मोहल्ल्यात सांगितलं, कावीळ झालीय.

तिसऱ्या दिवशी भाभीनं खिडकीच्या गजातून पन्नासची नोट माझ्या हातात दिली. मी चौदा वर्षांचा. कोपऱ्यावरून पुडी मीच आणली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तावीज झाले, दर्ग्याच्या फेऱ्या झाल्या. दुवा करू नये असं मी म्हणणार नाही, पण कावीळ म्हणून लपवलेल्या आजारावर डॉक्टर तरी काय करणार? शेवटी भाईजानला पुण्याला मुक्तांगणमध्ये नेलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 29 ऑगस्ट 1986 ला सुरू केलेलं केंद्र. अवचटांचं गर्दवरचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. भाईजान पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदा टिकला. तिथं व्यसनी माणसांच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा गट असतो. भाभी त्यात बसायची. पैसे देणं म्हणजे माया नव्हे, हे तिला तिथं उमगलं. मला उमगायला आणखी बरीच वर्षं गेली.

आता मालेगावात 'कुत्ता गोळी' आहे, आणि 2023 मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा अख्खा कारखानाच सापडला. जुम्म्याच्या बयानात नशा हराम असल्याचं ऐकू येतं. ते खरंच आहे. पण बयान ऐकून घरी गेलेल्या आईनं पोराला कुठं न्यायचं, तो पत्ताही त्याच माइकवरून सांगायला काय हरकत आहे?

सिनेमा दुसऱ्या दिवशी पुरा केला. बाळ वाचत नाही. शेवटी ती सुधारून परत येते, तोही सुधारलेला असतो, पण तो तिला माघारी पाठवतो. एकत्र राहिलो तर पुन्हा बुडू, एवढं त्याला कळलेलं असतं.

रविवारी भाभीकडे गेलो. नोटेची आठवण काढली नाही, सिनेमाची गोष्ट तेवढी सांगितली. कांदा चिरता चिरता तिनं विचारलं, "दोनों बच गए ना?"

हो म्हणालो. वेगळे झाले, हे सांगितलं नाही.