गुळाची पेठ आणि इंधनाचा ऊस

मिरजेहून कोल्हापूरला 1891 मध्ये रेल्वे आली आणि चारच वर्षांनी, 1895 साली, शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. ही पेठ गुळाची. आज गुळाचे सौदे मार्केट यार्डात निघतात. तरी शाहूपुरीतील काही जुन्या पेढ्यांवर गादी-तक्क्याची बैठक टिकून आहे, आणि दुपारी उलाढाल थंडावली की तेथे उसाखेरीज दुसरा विषय क्वचितच निघतो.

अशाच एका पेढीवर अण्णा बसतात. वय ऐंशीच्या पुढे, अडत तिसऱ्या पिढीची. त्यांची मते विचारावी लागत नाहीत. अलीकडे त्यांच्या रागाचा विषय एकच आहे : इथेनॉल. ‘‘उसाचा गूळ होतो, नाहीतर साखर होते, एवढेच आम्हाला ठाऊक. आता ऊस मोटारीच्या टाकीत निघाला!’’

या रागात व्यापाऱ्याचा स्वार्थ आहे, हे ते लपवीत नाहीत. ऊस कारखान्याकडे वळला की गुऱ्हाळ थंड पडते आणि गुऱ्हाळ थंड पडले की अडत्याचे काय उरले? करवीर, पन्हाळा भागांत पूर्वी दिवाळीनंतर जिकडेतिकडे धूर दिसे. काहिलीत रस उकळायचा, भेंडीच्या चिकाने मळी वर यायची, गुळव्या पाकाची गोळी पाण्यात टाकून पारख करायचा. त्याच्या बोटांवर रव्याचा भाव ठरे. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र तोवर कसबी गुळवे दुर्मिळ झाले होते, आणि गुळात साखर मिसळण्याच्या तक्रारींनी बाजाराचे नाव खराब केले होते. यातले काही इथेनॉलमुळे झाले नाही, हे अण्णांच्या चिरंजिवांनी सांगितले की वडील विषय बदलतात.

गंमत अशी की, जैवइंधन कोल्हापूरला नवे नाहीच. चुलवाणात जळते ते चिपाड, म्हणजे त्याच उसाचा वाळलेला चोथा. रस उसाचा आणि जाळही उसाचाच.

नवे इंधनही लांबून आलेले नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातील पहिले प्रायोगिक प्रकल्प 2001 साली झाले, त्यांत जवळचे मिरज होते. 2018 च्या जैवइंधन धोरणाने मळीबरोबरच उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्याची वाट मोकळी केली. वीस टक्के मिश्रणाचे 2030 चे उद्दिष्ट 2022 मध्ये 2025-26 वर आणले गेले. एक टन उसाच्या रसापासून सुमारे सत्तर लिटर इथेनॉल निघते. साखर गोदामात पडून राहते आणि उसाची बिले थकतात. इथेनॉलचा पैसा लवकर हातात येतो. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हे मोठे सुख आहे, आणि अण्णांच्या बोलण्यात ही बाजू कमी येते.

अन्नाचा मुद्दा ते काढतात तेव्हा मात्र ऐकावे लागते. पाऊस कमी झाला, साखर तुटेल अशी भीती वाटली, तेव्हा 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवडाभरात थोडी सवलत दिली. मग डिस्टिलऱ्यांचा भार मक्यावर गेला, आणि मका निर्यात करणारा आपला देश 2024 मध्ये मका आयात करू लागला. ‘‘साखर चार चमचे कमी खाल्ली तर कोणी मरत नाही,’’ अण्णा म्हणतात, ‘‘मका हे गरिबाचे आणि गुरांचे पोट आहे.’’ त्यांची ही नोंद व्यापाऱ्याची नाही, श्रावकाची आहे.

श्रावकाचा विषय निघाला की एक अडचणही निघते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीडन येते, रसवाणिज्यही येते. डिस्टिलरीकडे बोट दाखवणाऱ्याच्या दारात उसाचा चरक उभा असतो. अण्णा हे नाकारत नाहीत. ‘‘म्हणून तर आवाज चढवत नाही,’’ एवढे बोलून ते सूर्यास्तापूर्वी जेवायला उठतात.

निवडणुकीवरील त्यांचे मत पुतण्याने अमेरिकेहून आणलेल्या माहितीवर उभे आहे. तेथे अध्यक्षपदाचे उमेदवार पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांतून ठरतात, आणि 1972 पासून अनेक वर्षे पहिला कौल आयोवा राज्याचा असे. आयोवा मक्याचे आणि मक्याच्या इथेनॉलचे आगर. त्यामुळे तेथे येणारा जवळपास प्रत्येक उमेदवार इथेनॉलचे गुण गाई. 2016 मध्ये टेड क्रूझ यांनी सक्तीच्या मिश्रणाला विरोध केला आणि तरीही रिपब्लिकन पक्षाचा तेथील कौल जिंकला, हे ऐकून अण्णा बराच वेळ हसले होते.

कोल्हापूरची प्राथमिक निवडणूक कोणती, हे त्यांना पक्के ठाऊक आहे : सहकारी साखर कारखान्याची. संचालक मंडळ हाती आले की तालुका हाती येतो आणि मग विधानसभेची तयारी होते. कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्याची एप्रिल 2023 ची निवडणूक ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ऊसदराची मागणी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत गाजते, तेथूनही खासदारकीपर्यंतची वाट गेली आहे. उसाचे काय करायचे हे ऊस पिकवणारा सभासद मतपेटीतून ठरवतो. त्यात गैर काही नाही. ऊस त्याचा आहे. पण गुळव्या, हमाल, अडत्या आणि संक्रांतीला गूळपोळी करणारी गृहिणी यांची नावे त्या मतदारयादीत नसतात. ‘‘आम्हाला मत नाही, नुसते मतप्रदर्शन आहे,’’ अण्णा म्हणतात, आणि त्यात कडवटपणा फारसा नसतो.

दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात. अण्णा फेटा बांधून अजूनही जातात. सौदा मुलगा काढतो. ते रव्याला नखाने ओरखडा काढून कण जिभेवर ठेवतात आणि गूळ कोणत्या गावचा असेल ते सांगतात.