दारचा हत्ती

एखाद्याच्या श्रीमंतीचं वर्णन करताना आमची आजी 'त्यांच्या दारी हत्ती झुलत होते' असं म्हणायची. हत्तीला झुलायला दाराबाहेर जागा किती लागते, याचा विचार तिनं कधी केला नसावा. मी मात्र तो गेल्या पाडव्यापासून रोज करतो आहे.

त्याचं असं झालं. गिरगावात, ठाकुरद्वारच्या नाक्यावरून आत वळणाऱ्या एका वाडीत, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि वयाची त्रेसष्ट वर्षं उलटलेल्या एका गृहस्थानं लँड रोव्हर डिफेन्डर ही गाडी घेतली. तो गृहस्थ मी. गाडीची लांबी मागच्या जादा चाकासकट पाच मीटर, वजन सव्वादोन टनांच्या वर, आणि आरसे उघडे असताना रुंदी जवळजवळ सात फूट. आमच्या वाडीचं तोंड मी स्वतः टेप धरून मोजलं आहे. ते आठ फूट दोन इंच भरतं. उरलेल्या चौदा-पंधरा इंचांत दोन स्कूटरी, एक तुळशीवृंदावन आणि तळमजल्यावरच्या पेन्शनर आजोबांची आरामखुर्ची यांचा वहिवाटीचा हक्क आहे.

किंमत सांगत नाही. आकडा कोटीच्या घरातला आहे एवढं पुरे. डॉक्टर जसे नातेवाइकांना आजार टप्प्याटप्प्यानं सांगतात, तसा मी तो घरच्यांना सांगितला. पहिल्या टप्प्याला सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढ्यात कर्जतला घर येतं." दुसऱ्याला म्हणाल्या, "डोंबिवलीला लिफ्टवाल्या इमारतीत दोन येतील." तिसऱ्याला त्या काहीच म्हणाल्या नाहीत, आणि तेच मला जड गेलं. कारण लिफ्टचा मुद्दा खरा होता. आई अठ्ठ्याऐंशीची आहे. आमच्या जिन्याला चोपन्न पायऱ्या आहेत आणि ती महिन्यातून एकदा कशीबशी खाली उतरते. 'गिरगाव सोडून मी कुठं येणार नाही,' असं तीच म्हणते हे कबूल. पण तिच्या त्या वाक्याचा मी जरा सोयीनं फायदा घेतला, हेही कबूल.

पैसा आला तो लालबागच्या गाळ्याचा. तो गाळा बाबांनी घेतलेला. दोन लेथ, एक ड्रिल आणि गिरण्यांना लागणारे सुटे भाग हा आमचा धंदा. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगार संपावर गेले. कुणाच्या गळ्यात घंटा बांधावी हे न समजता आम्ही दोन वर्षं थांबलो, आणि मग लिफ्टचे भाग करायला लागलो. लिफ्टचे भाग करणाऱ्याच्या आईला लिफ्ट नाही, हा विनोद सौभाग्यवतींचा. मी फक्त नोंदवतो आहे.

पण गाळ्याच्याही आधी बाबा जीपच्या कारखान्यात होते. 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही १९४५ सालची कंपनी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली इथल्या पाटीवर 'महिंद्रा अँड महिंद्रा' आलं. विलीज जीपचे सुटे भाग पेटाऱ्यांतून बंदरात उतरत आणि १९४९ पासून माझगावात त्यांची जोडणी होऊ लागली. बाबा तिथं १९५२ साली लागले. काम चाकांचं. जीपच्या चाकाला पाच नट. एक आवळला की लगेच शेजारचा आवळायचा नाही. एक सोडून पुढचा, मग पुन्हा एक सोडून पुढचा, म्हणजे चाक सरळ बसतं, तिरकं चढत नाही. हा नियम त्यांनी पुढं संसारात सगळीकडे लावला. पंख्याचे स्क्रू, शिलाई मशीनची पाटी, सगळं एक सोडून एक. बाबांनी जीपगाड्यांना किती चाकं लावली याची मोजदाद नाही. त्या गाडीत ते बसले मात्र एकदाच, आणि तेही आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आता ही लँड रोव्हरसुद्धा त्याच घराण्यातली. लढाई संपल्यावर रोव्हर कंपनीचे मुख्य इंजिनियर मॉरिस विल्क्स यांच्या वेल्समधल्या शेतावर एक लष्करी जीप होती. तिला पाहून आपणही असंच काहीतरी करावं असं त्यांच्या मनानं घेतलं. पोलादाची टंचाई होती, म्हणून अंगाला अॅल्युमिनियमचा पत्रा वापरला आणि १९४८च्या एप्रिलमध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी मांडली. डिफेन्डर हे नाव पुढं १९९०चं. जुन्या घाटाची शेवटची गाडी जानेवारी २०१६मध्ये निघाली आणि नवी जगापुढं आली २०१९ साली. ती तयार होते स्लोव्हाकियातल्या नित्रा गावी. पण २००८ साली टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून विकत घेतल्यामुळं मालकीचा धागा पोचतो तो फोर्टातल्या बॉम्बे हाउसपर्यंत, म्हणजे आमच्या घरून चालत पाऊण तासाच्या आत. "तेव्हा बाबांची जीप ही माझ्या गाडीची मावशी लागते," असं मी घरात समजावून सांगितलं. "नात्यातली म्हणून करून घेतलीत होय?" एवढंच उत्तर आलं.

गाडी चालवण्याबद्दल लिहायचं तर आधी वाडीतून बाहेर पडावं लागतं. या गाडीला चहूबाजूंनी डोळे आहेत आणि कुठलीही वस्तू हातभर अंतरावर आली की ती टीं टीं करून ओरडते. गिरगावात हातभर अंतरावर नसलेली वस्तू कुठली? पहिल्या दिवशी ती वाडीच्या तोंडापासून पार मागच्या भिंतीपर्यंत अखंड ओरडत आली. आजोबा खुर्चीतून उठून आधी आपला मोबाइल आणि मग कानातलं यंत्र तपासू लागले. आता त्यांना सवय झाली आहे. आवाज आला की ते खुर्ची घडी करतात, गाडी गेली की उलगडतात. दिवसातून दोनदा हा व्यायाम होतो आणि त्यानं गुडघा सुधारला असं ते सांगतात.

समोरच्या पडद्यावर आणखी एक गंमत आहे. कॅमेऱ्यांच्या करामतीनं बॉनेट जणू काचेचं होतं आणि पुढच्या चाकांखालची जमीन दिसते. डोंगरातल्या माणसाला दरीची कड दिसावी म्हणून ही सोय. मला आजवर तिच्यात दोन मांजरं, एक क्रिकेटचा चेंडू आणि सोसायटीचे अध्यक्ष दिसले.

शिवाय गाडीला जमिनीचा स्वभाव सांगावा लागतो. गवत, खडी नि बर्फ यांचा एक पर्याय, चिखल आणि चाकोऱ्यांचा दुसरा, मग वाळू, मग खडक आणि शेवटी पाणी. सांगाल तसं ती इंजिन आणि ब्रेक यांचं वागणं बदलते. इंग्रजानं फार विचार करून हे वर्ग पाडले असतील. पण बर्फ सोडून बाकीचं सगळं परळपासून लालबागपर्यंत एकाच रस्त्यावर, एकाच वेळी भेटतं. त्यातून २०२५च्या सप्टेंबरात प्रभादेवीचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून पूर्वेकडून पश्चिमेला जाणं ही खऱ्या अर्थानं मोहीमच झाली. मी आपला पडद्याला हात न लावता चालवतो. रस्ता गुळगुळीत मिळाला की गाडी अशी शांत चालते, की शेजारी बसलेल्या माणसाचा उसासाही ऐकू यावा. तो मी बऱ्याचदा ऐकला आहे.

लोक बदलले, हे मात्र खरं. पूर्वी मला 'काका' म्हणणारी कोळीण आता 'शेठ' म्हणते आणि न विचारता मोठं पापलेट काढते. चिवडा गल्लीत अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा घ्यायला उतरलो, तर दुकानदारानं विचारलं, "ऑर्डर लग्नाची की ऑफिसची?" बाकी ओळखीचा-अनोळखी, लहान-मोठा, प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो : "एव्हरेज किती देते?" कोटीची गाडी घेणाऱ्यालाही मराठी माणूस लिटरवर पकडतो. मला ते आवडतं.

आता त्या पावसाची गोष्ट.

ही गाडी नव्वद सेंटिमीटर पाण्यातून जाऊ शकते. तिला हवेवरचं सस्पेन्शन आहे. बटण दाबलं की ती उंच होते आणि भोवतालचं पाणी किती खोल आहे ते पडद्यावर दाखवते. हा नव्वदचा आकडा माझ्या मनात घर करून बसला होता. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी लालबागच्या गाळ्यात रात्र काढली होती. खरं सांगायचं तर गाडी घेतल्यापासून मी हिंदमाताला पाणी तुंबण्याची वाटच पाहत होतो. पण पालिकेनं अलीकडे दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली पाणी साठवायच्या टाक्या केल्यापासून हिंदमाताचा पूर्वीचा दरारा राहिलेला नाही. जुलैत दोनदा जाऊन आलो, घोट्याएवढंच पाणी! परत येताना मी चक्क हिरमुसलो होतो.

ऑगस्टात एक दिवस आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दादरला नेलं. परतताना धो धो सुरू झाला. वर उड्डाणपूल होता, त्यावरून सरळ निघून जाता आलं असतं. मी मुद्दाम खाली घेतली. पाणी गुडघ्याच्या जवळ आलं होतं. मी बटण दाबलं, गाडी उंच झाली, पडद्यावर आकडे आले. "बघ आई, आता," असं म्हणून मी पाय जरा दाबला.

गाडीचं काय, ती नावेसारखी गेली. पण नाव गेली की लाट उठते, हे पडद्यावर दाखवत नाहीत. ती डाव्या बाजूच्या चाळीच्या तळमजल्यावर गेली. एक बाई दारात खराटा घेऊन पाणी परतवत होत्या. लाट त्यांच्या गुडघ्यांवरून उंबरा ओलांडून थेट आत शिरली आणि आतून कुणीतरी ओरडलं. त्यातच पुढची टॅक्सी बंद पडली आणि माझी सगळी मर्दुमकी तिच्यामागे येऊन थांबली. आपण नव्वद सेंटिमीटरवाले असलो, तरी पुढचा नसतो.

आम्ही पूर्वी तिथंच राहत होतो. तीच चाळ नव्हे, तिच्यापासून दोन गल्ल्या आत, पण तळमजलाच. पाऊस सुरू झाला की आई आधी पुस्तकं, मग तांदळाचा डबा आणि मग मला पलंगावर चढवायची. ट्रक गेला की लाट यायची आणि बाबा त्या ट्रकवाल्याला ज्या शिव्या द्यायचे, त्या मला अजून पाठ आहेत.

मी उतरलो. पँट भिजवत त्या दारापर्यंत गेलो आणि माफी मागितली. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"तुमची गाडी उंच आहे हो," त्या म्हणाल्या, "आमचा उंबरा नाही."

खराटा द्या, मी काढतो पाणी, असं काहीतरी मी पुटपुटलो. "ते राहू दे, गाडी हलवा आधी, मागं लोक बोंबलतायत," असं म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या. एवढ्यात गाडीची काच खाली झाली आणि आईचा आवाज आला : "बाई, पलंगाच्या पायांखाली विटा घाला! दोन-दोन!" बाई पहिल्यांदा हसल्या. "घातल्यात, आजी, तीन-तीन!"

घरापर्यंत कुणी बोललं नाही. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर आई दम खायला थांबली आणि म्हणाली, "पुलावरून घेतली असतीस तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर पाऊस पडला की मी पुलावरून जातो, आणि खालून जावंच लागलं तर बैलगाडीच्या चालीनं. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवोत.

आईच्या चढण्या-उतरण्याची व्यवस्था मात्र लागली आहे. बटण दाबलं की बसणाऱ्याच्या सोयीसाठी गाडी पाच सेंटिमीटर खाली होते, उंट बसतो तशी. मी हे मोठ्या कौतुकानं दाखवलं, तर आई म्हणाली, "एवढ्यानं काय होतंय? पाट आण." तेव्हापासून मागे सामानाच्या जागेत आमच्या घरचा सागवानी पाट कायमचा असतो. डॉक्टरांच्या दारात आधी मी उतरतो, पाट मांडतो, मग आई उतरते. दारवान सलाम ठोकतो, बहुधा पाटालाच.

दसऱ्याला पहाटे दादरच्या फुलबाजारातून झेंडू आणला. वाडीतल्या पोरांनी सायकलींसकट सगळ्या वाहनांना हार घातले. सौभाग्यवतींनी नारळ फोडला आणि नंतर आपणहून, मुंडावळ्या बांधल्यासारख्या गंभीर चेहऱ्यानं, पाच मिनिटं आत बसून आल्या. "गार आहे," एवढा अभिप्राय मिळाला.

आई चोपन्न पायऱ्या उतरून आली होती. चाकाची पूजा मी करणार, म्हणाली. पाट चाकाजवळ मांडून तिला बसवलं. तिनं चष्मा सारखा केला, चाकावर हात फिरवला आणि नट मोजले.

"पाचच की रे!"

"पाचच."

तिनं कुंकवाच्या पाण्यात बोट बुडवलं. पहिलं बोट वरच्या नटाला लागलं. दुसरं शेजारच्याला लागलं नाही, एक सोडून पुढच्याला लागलं. मग पुन्हा एक सोडून पुढच्याला. पाचही झाले तेव्हा तिनं हात पदराला पुसला आणि सौभाग्यवतींना म्हणाली, "चल ग, आता मला वर ने." त्या दोघी जिन्याकडे वळल्या आणि मी पाट उचलून मागे ठेवला.